फळीवरचे चांगले पार्ट

जुन्या मोटरसायकलीचा दिवा गेला की माणूस आधी बल्ब बदलतो. नवा बल्ब लागला नाही की आणखी एक बल्ब आणतो, कारण पहिला खराब निघाला असणार. मग स्विच, मग बॅटरी, मग रेग्युलेटर, आणि शेवटी ही गाडीच पनवती आहे, विकून टाकावी, इथवर त्याची अक्कल पोचते. एवढं सगळं होईपर्यंत टाकीखाली लपलेल्या वीतभर काळ्या वायरीकडे तो एकदाही बघत नाही. तिचं टोक गंजून कधीच सुटलेलं असतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्यानं केली त्यानं मोटरसायकल पाहिली नसेल, पण मोटरसायकलवाले नक्की पाहिले असतील.

हे मत टेस्टरचं. आणि टेस्टर आपलं मत पोटात ठेवणाऱ्यांतला नव्हता.

टेस्टर म्हणजे वायरिंगवाला. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतं, पण ते वीजबिलापुरतं. शर्टाच्या खिशात कायम एक टेस्टर असायचा म्हणून सगळे त्याला टेस्टर म्हणत. तो टेस्टरही दुकानातून आणलेला नव्हता. इंडिकेटरचा जुना बल्ब, त्याला डाखलेल्या दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला घासून सुईसारखा केलेला सायकलचा स्पोक, एवढाच ऐवज. चौतीस वर्षं तो या एका बल्बावर जुन्या मोटरसायकलींचे दिवे दुरुस्त करत आला. इंजिनाला हात लावत नसे. इंजिन म्हणजे नुसता दणका, बुद्धी काय ती वायरीत, असं तो म्हणायचा, आणि ज्यांना इंजिन कळतं त्यांच्यासमोर मुद्दाम म्हणायचा.

लग्न त्यानं केलं नाही. दोनदा मुलगी बघायला गेला होता. दोन्ही वेळा तो मुलीकडे बघायच्या आधी वर बघून म्हणाला, "तुमच्या ट्यूबचा चोक गेलाय." एकीच्या बापानं ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्यानं चोक बदलला आणि जावईही बदलला.

दुकान एका शटरचं, पण त्यात दोन संसार. डाव्या बाजूला टेस्टरच्या वायरींची भेंडोळी, सोल्डरचं मशीन आणि उभी मोटरसायकल. उजव्या बाजूला ताईचं शिलाई मशीन. ताई त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. नवरा वारल्यावर ती भावाकडे आली आणि पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं असली कामं करू लागली. दोघं एकाच घरात राहात, एकाच मोटरसायकलवर दुकानात येत आणि दिवसभर एकमेकांशी भांडत. मधे पडदा लावायचा विचार झाला होता, पण मग भांडताना तोंड दिसलं नसतं.

दुकानात शिरताच नजरेला पडायची ती फळी. टेस्टरच्या टेबलामागे भिंतीवर एक लांबलचक लाकडी फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर खिळ्यांना पार्ट लटकवलेले होते. सगळे पार्ट चांगले. लोकांनी खराब समजून बदललेले, काढून टाकलेले, आणि टेस्टरनं तपासून चांगले ठरवलेले. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. 'हॉर्न. चांगला. बदलणारा: दूधवाला. कारण: घाई.' 'स्विच. चांगला. बदलणारी: नर्सबाई. कारण: भावाचा सल्ला.' 'रेग्युलेटर. चांगला. बदलणारा: बदल्या. कारण: आळस.' बॅटरी फळीवर मावत नसे, ती खाली जमिनीवर आणि तिची चिठ्ठी वर.

बदल्या म्हणजे समोरच्या गॅरेजचा मेकॅनिक. हे नावही टेस्टरनंच ठेवलेलं, कारण तो काहीही दुरुस्त करत नसे, सगळं बदलत असे. फळीवर त्याच्या नावाच्या सात चिठ्ठ्या होत्या. आपला दिवा दुरुस्त व्हायचा असेल तर त्या फळीखाली उभं राहून दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागतं, हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. ऐकून घेत, कारण दिवा लागायचा आणि पुढची पाच वर्षं लागतच राहायचा. माणूस कडू होता, पण त्याचा जोड कधी सुटत नव्हता.

चार वर्षांपूर्वी ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तेव्हा टेस्टरनं तिला जे छळलं त्याला तोड नाही. रोज सकाळी तिच्या मशीनच्या सुईत दोरा तोच ओवून द्यायचा. ओवताना विचारायचा, "डोळे आहेत का बटणं शिवलीस तिथे?" आणि ती ऑपरेशन करायचं म्हणाली तेव्हा तर तो पेटलाच. "डॉक्टर म्हणजे माणसांचे बदल्या. खोललं की बदललं. आधी तपासलं का कुणी? मला तर वाटतं तुझा चष्मा धुतला असता तरी काम झालं असतं."

ताईनं त्याला न विचारता दोन्ही डोळे करून घेतले. पट्टी सुटल्यावर ती दुकानात आली, सुईत दोरा स्वतः ओवला आणि भावाकडे वर मान करून बघितलं. "केवढा काळा झालास रे," एवढंच म्हणाली. तेव्हापासून त्याच्याकडून दोरा ओवून घेणं बंद झालं. त्याला ते जरा लागलं होतं, पण सांगणार कुणाला.

मग दीड वर्षापूर्वी टेस्टरच्या स्वतःच्या मोटरसायकलचा हेडलाईट मंद झाला.

दुकान बंद करून दोघं दिवेलागणीला घरी निघत. सहा किलोमीटरचा रस्ता, अर्धा बिनदिव्याचा. त्या अर्ध्या रस्त्यावर टेस्टरला पुढचं दिसेना. उजेड पिवळा, मेणचटलेला, पसरलेला. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती एवढं मोठं कडं दिसायचं की मागचा रस्ता पुसून जायचा. टेस्टरनं समोरच्या गाडीवाल्यांना शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून आपल्या गाडीची तपासणी केली. बॅटरी ठणठणीत. बल्बच्या होल्डरपर्यंत करंट पुरा. टाकीखालची काळी वायर घट्ट, टोक घासून चकचकीत. खिशातला टेस्टर सांगत होता, सगळं चांगलं आहे.

इथे टेस्टरनं ते केलं, जे केल्याबद्दल त्यानं चौतीस वर्षं लोकांची सालं काढली होती. त्यानं बल्ब बदलला.

उजेड तसाच. महिन्याभरानं त्यानं आतला रिफ्लेक्टर बदलला, वर काच बदलली. मग डिपरचा स्विच. मग रेग्युलेटर. हे पार्ट तो नेहमीच्या दुकानातून आणत नसे. दोन गावं सोडून जायचा, जिथे त्याला कुणी ओळखत नाही तिथून आणायचा, आणि दुकानदारानं "काय प्रॉब्लेम आहे?" असं विचारलं की "गिऱ्हाइकाचं आहे, ऐकत नाही मूर्ख" म्हणायचा. काढलेले पार्ट त्यानं टेबलाच्या खालच्या खणात जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवले. ते फळीवर लटकवायला हवे होते, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

मागे बसून ताई आता पाठकुळी बसलेल्या पोपटासारखी बोलू लागली होती. "खड्डा आहे. कुत्रं आहे. डावीकडे खडी टाकलीय."

"दिसतंय मला."

"मग खडीकडे कशाला चाललायस?"

दुकानातही कटकटी वाढल्या. वायरींचे रंग पूर्वीसारखे राहिले नव्हते. हल्लीचे कारखानदार चोर, रंगात पाणी घालतात. ट्यूबलाईटचा उजेड कमी झाला होता, टेस्टरनं ती बदलली, मग तिच्या शेजारी आणखी एक लावली. भिंतीचा पांढरा रंग पिवळा पडला होता, रंगाऱ्यानं फसवलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगण, भिंत, ट्यूब आणि अख्खा वायरींचा धंदा वाकडा झाला होता. सरळ काय ते एकटे टेस्टर.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलंच असेल. ताईला तर केव्हाच कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर टेस्टरलाही कळत होतं. दोष शोधणं हाच ज्याचा धंदा, त्याला पाच पार्ट बदलूनही दोष जात नाही याचा अर्थ कळत नसेल असं कसं होईल? पण हेडलाईट खराब असेल तर तो दुरुस्त होतो. डोळे खराब असतील तर टेस्टर संपला. त्याच्याकडे दुसरं होतं काय? बायको नाही, पोर नाही, गोड बोलणं नाही. केसाएवढ्या वायरीचा रंग ओळखून तिचं दुसरं टोक शोधणारी नजर, तेवढ्यावर लोक त्याचं सगळं तिखट गिळत होते. ती गेली की उरतो तो फक्त एक तोंडाळ म्हातारा, आणि तसले गल्लीत आधीच चार होते. टेस्टरला भीती वाटत होती. म्हणून तो दोन गावं सोडून पार्ट आणत होता.

हे असंच रेटलं असतं, पण एके दिवशी सकाळी भूगोलाचे मास्तर आले.

मास्तर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. त्यांची मोटरसायकल त्यांच्या नोकरीइतकीच जुनी. तिच्यावर त्यांचा फार जीव. ती पुसायला त्यांच्याकडे वेगळं फडकं होतं आणि ते फडकं पुसायला आणखी एक. त्यांनी गाडी फळीखाली उभी केली, आपल्या नावाची जुनी चिठ्ठी बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ब्रेक दाबला की मागचा दिवा विझतो. आणि इंडिकेटर आपोआप मिणमिणतात. बल्ब बदलला मी."

"बदलणारच," टेस्टर म्हणाला. "मास्तर, तुम्ही शाळेत काय शिकवत होता?"

"भूगोल."

"म्हणजे कुठली नदी कुठे उगम पावते आणि कुठे जाऊन मिळते, हे तुम्हाला तोंडपाठ. आणि स्वतःच्या गाडीतला करंट जातो कुठे हे ठाऊक नाही. तो बॅटरीतून निघाला, बल्बातून गेला, पुढे काय? तिथेच मुक्काम करतो का? त्याला परत यायला लागतं. गाडीच्या सांगाड्यातून परत येतो. सांगाड्याला जोडणारी वायर, म्हणजे अर्थिंग, गंजली की त्याची परतीची वाट बंद. मग तो शेजारच्या घरात घुसतो, दुसऱ्या बल्बातून, इंडिकेटरमधून वाट काढतो. ज्याच्या घरातून तो जातो तिथे मिणमिण, आणि जिथे उजेड पाहिजे तिथे अंधार. करंट गेला कसा हे सगळे बघतात, परत आला कसा हे कोण बघणार?"

हे सगळं त्यानं गाडीला हातही न लावता सांगितलं. बरोबर सांगितलं, हे मान्य करायला हवं. डोकं त्याचं शाबूत होतं. मास्तर मुकाट्यानं मान हलवत होते, जशी त्यांच्यासमोर पोरं हलवत असत.

सीट काढली. खाली वायरींचा जुडगा. तीस वर्षांची धूळ आणि तेल बसलेला. टेस्टरनं सांगाड्याचा बोल्ट सोडला, तिथला गंज घासला. बोल्टाशी यायची काळी वायर टोकाला कुजली होती, ती त्यानं कापली. जुडग्यातली आणखी एक वायर तशीच जीर्ण झाली होती, तिचंही टोक कापलं. आता हातात दोन टोकं होती. त्यानं एक निवडलं, त्याला नवी कडी दाबून बसवली आणि कडी बोल्टात घातली.

सहा फुटांवरून, मशीनचं पायडल न थांबवता ताई म्हणाली, "तो निळा आहे रे."

"काळा आहे."

"गडद निळा आहे. काळा तुझ्या दुसऱ्या हातात आहे."

"तू पँट शिव," टेस्टर म्हणाला आणि बोल्ट आवळला. त्याचे कान तापले होते. आता चिमटा लावून खात्री करायला अर्धं मिनिट लागलं असतं. खिशात टेस्टर होता. चौतीस वर्षांत त्यानं तो लावल्याशिवाय कधी चावी फिरवली नव्हती. पण गिऱ्हाइकासमोर, पँटी आखूड करणाऱ्या बहिणीच्या सांगण्यावरून खात्री करायची? त्यानं चावी फिरवली.

निळी वायर ब्रेकच्या स्विचकडे करंट नेणारी होती. ती सरळ सांगाड्याला जोडली गेली. तरीही फक्त फ्यूज उडायला हवा होता, पण मास्तरांनी केव्हातरी उडालेल्या फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळून ठेवली होती. ती चांदी कुठल्याही डोळस माणसाला पहिल्या झटक्यात दिसली असती. टेस्टरला तो काचेचा चकचकीत फ्यूज वाटला होता. सीटखालून धूर आला, मग प्लास्टिक जळाल्याचा वास, मग जुडगा आतून लाल झाला. टेस्टरनं उघड्या हातानं बॅटरीची वायर उपटली. बोटं भाजली. धूर थांबला. तेवढी चपळाई त्याच्यात होती, पण पुढच्या दिव्यापासून मागच्यापर्यंत मास्तरांच्या गाडीच्या अर्ध्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

मास्तरांनी खिशातलं फडकं काढलं आणि टाकीवर बसलेली काजळी पुसायला लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

वास रस्ता ओलांडून गेला आणि त्या वासाच्या मागोमाग बदल्या आला. हात पुसत, चेहऱ्यावर काळजी आणून. या दिवसाची तो वीस वर्षं वाट बघत असावा.

"काय झालं, टेस्टरशेठ?" त्यानं विचारलं. "अर्थिंग बघितलंत का?"

"तू आपल्या दुकानात जा," ताई म्हणाली. "तुझ्याकडे कुणीतरी चांगलं इंजिन घेऊन आलं असेल, ते बिघडवायचं राहील."

बदल्या गेला, पण रस्ता ओलांडताना त्याचे खांदे हलत होते. टेस्टर वळून म्हणाला, "हल्ली वायरींचा रंग राहात नाही, मास्तर. कारखान्यातच..."

ताईनं पायडल थांबवलं. उठली, आपल्या डब्यातून दोऱ्याची दोन रिळं काढली आणि त्याच्या टेबलावर ट्यूबलाईटखाली शेजारी शेजारी ठेवली.

"हा दोरा कालच आणलाय. याचा रंग उडालेला नाही. यातलं काळं कुठलं?"

टेस्टरनं रिळं बघितली. दोन्ही काळी होती. त्यानं एक उचललं, दाराशी नेलं, उन्हात धरलं. मग दुसरं. मास्तर टाकी पुसायचे थांबले होते. टेस्टरला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण फळीखाली उभे आहोत. त्या फळीखालची दहा मिनिटं किती लांब असतात हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

"हे," तो म्हणाला.

"ते निळं," ताई म्हणाली.

एवढं होऊनही त्याच्या मनात शेवटची एक पळवाट शिल्लक होती. त्यानं शटर खाली ओढलं, भर दिवसा दुकानात अंधार केला, स्वतःची मोटरसायकल भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि हेडलाईट लावला. ताईला विचारलं नाही. ताई त्याच्या भल्यासाठीही खोटं बोलली नसती, पण त्याला ज्याचं आपण नुकतंच वाटोळं केलं त्याच माणसाकडून ऐकायचं होतं.

"मास्तर, हा दिवा कसा आहे?"

मास्तर भिंतीकडे बघत राहिले. "लख्ख आहे. भिंतीवरचा कोळ्याच्या जाळ्याचा धागा दिसतोय. माझा एवढा कधीच नव्हता."

टेस्टरला भिंतीवर एक पिवळा, चिवडलेला डाग दिसत होता. त्यानं डावा डोळा झाकला. मग उजवा झाकला. मग हळूहळू, गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं, पण या वेळी कुणाची टर न उडवता म्हणाला, "बॅटरी चांगली. वायर चांगली. बल्ब चांगला. काच चांगली. म्हणजे राहिलं एकच."

त्यानं शटर वर केलं. मास्तरांना म्हणाला, "गाडी ठेवून जा. नवी वायरिंग मी करून देतो. पण आत्ता नाही. आधी मला दुरुस्त होऊ द्या, मग तिला हात लावतो." मास्तर गाडी ठेवून गेले. जाताना त्यांनी ते फडकंही सीटवर ठेवलं, घडी करून. आपली गाडी जाळणाऱ्याच्याच हवाली करून जाणारे मास्तर, भूगोल सोडून त्यांना बाकी काही कळत नव्हतं हेच खरं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर ताई बाहेरून पाणी भरून आत आली तेव्हा फळीवर पाच नवे खिळे होते. बल्ब, रिफ्लेक्टर, काच, डिपरचा स्विच, रेग्युलेटर. खाली एकच मोठी चिठ्ठी, अक्षरं मोठी आणि ओळी चढावर निघालेल्या. 'सगळे चांगले. बदलणारा: मी. कारण: भीती.'

ताईनं ती दोनदा वाचली. तिचे डोळे भरून आले, पण ते तिनं त्याला दिसू दिलं नाही, आणि त्याला तसंही दिसलं नसतं. टेबलावरची पेन्सिल उचलून तिनं 'भीती'च्या पुढे लिहिलं, 'आणि माज'.

"काय लिहिलंस?" त्यानं विचारलं.

ताईनं वाचून दाखवलं.

त्यानं तिच्या हातातली पेन्सिल घेऊन खिशात टेस्टरशेजारी ठेवली. "बरोबर आहे," म्हणाला. "कधी जायचं डॉक्टरकडे?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. टेस्टरनं आधी त्यांच्या तक्त्यावरच्या बल्बला नावं ठेवून बघितली. त्या म्हणाल्या, "बल्ब ठीक आहे, काका. खालची ओळ वाचा." खालची ओळ आहे हे टेस्टरला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी त्याची हनुवटी एका यंत्रावर टेकवली, डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. दोन्हीत. भिंग बदलावं लागेल."

बदलावं लागेल हे शब्द ऐकताच ताईनं कपाळाला हात लावला. टेस्टर खुर्चीत सरळ बसला.

"तपासलंत का आधी?"

"तपासल्याशिवाय सांगतेय का मी?"

"काय काय तपासलंत?"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. असा पेशंट त्यांना भेटला नसावा. त्यांनी बोटांवर मोजून सांगायला घेतलं. "डोळ्याचा दाब बघितला, बरोबर आहे. मागचा पडदा बघितला, चांगला आहे. नस चांगली आहे. बुबुळ स्वच्छ. फक्त मधलं भिंग गढूळ झालंय."

"म्हणजे मागची वायरिंग चांगली."

"एकदम चांगली."

टेस्टरनं त्या यादीत कुठे काही सुटलंय का याचा विचार केला. सुटलं नव्हतं. पंचावन्न पायऱ्या चढून आलेल्या माणसासारखा त्यानं श्वास सोडला. "मग बदला," तो म्हणाला.

दाराशी पोचल्यावर त्याला आठवलं. "काढलेलं जुनं भिंग मला मिळेल का?"

"ते आत फोडूनच काढतात, काका. कशाला हवंय?"

"फळीवर लावायला मागतोय," ताईनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि भावाचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. "अरे, फळीवर चांगले पार्ट असतात. हा खराब आहे."

पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली आणि तीन आठवड्यांनी टेस्टर दुकानात बसू लागला. पहिले दोन दिवस तो भिंतीकडेच बघत होता. ती पांढरी होती. रंगाऱ्यानं फसवलं नव्हतं. दोन ट्यूबलाईटींचा उजेड एवढा होता की दुकानात दाढी करता आली असती. त्यानं एक ट्यूब काढून ठेवली. ताईच्या डब्यातली रिळं त्यानं कुणी न विचारता मांडली, काळं इकडे, निळं तिकडे, आणि सुईत दोरा ओवून दिला. ताईला दोरा बदलायचा नव्हता, तरी तिनं तो ठेवून घेतला.

तिसऱ्या दिवशी त्यानं मास्तरांच्या गाडीला हात घालायच्या आधी आपली मोटरसायकल घेतली. नवे पार्ट उगाच लावले होते, ते काढून जुने परत बसवावेत असा विचार होता. हेडलाईट उघडला आणि आत बघितलं.

आत जोडांचा नुसता उकिरडा होता. सोल्डर वायरीवर न बसता शेजारी थेंब थेंब सांडलेलं. टेप अर्धवट गुंडाळलेला, उघड्या तारा एकमेकींकडे बघत असलेल्या. एक जोड तर त्यानं बोट लावताच सुटून हातात आला. हा दिवा दीड वर्षं लागत होता तो केवळ दैवाची कृपा म्हणून.

"हे कुठल्या गाढवाचं काम आहे?" टेस्टर म्हणाला. सवयीनं म्हणाला, मोठ्यानं म्हणाला, जसं चौतीस वर्षं म्हणत आला होता.

ताईचं मशीन चालूच होतं. "नाव फळीवर आहे," ती म्हणाली.

टेस्टर हेडलाईटमध्ये बघत तसाच उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की दीड वर्षात त्यानं ही एकच गाडी केली नव्हती. रोजच्या दोन, कधी तीन. दूधवाला आला होता, पहाटे अंधारात निघणारा. नर्सबाई आली होती. ज्यांना तो फळीखाली उभं करून मूर्ख म्हणाला होता ते सगळे आज असलेच जोड घेऊन अंधारातल्या रस्त्यानं हिंडत होते, टेस्टरचं काम आहे, सुटायचं नाही, अशा भरवशावर.

"ताई," तो म्हणाला, "गेल्या दीड वर्षात कोण कोण गाडी करून गेलं, आठवतंय का तुला?"

ताईनं पायडल थांबवलं.

"आठवतंय," ती म्हणाली. "मोठा कागद घे."